दप्तर दादरला, झोप एडनला

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. शासन निर्णय हा वाङ्मयप्रकार एरवी झोप आणण्याच्या कामी येतो. हा मात्र झोपेबद्दलच होता. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपा पुऱ्या होत नाहीत, शाळांच्या वेळांचा फेरविचार करा, असं जाहीरपणे सुचवलं होतं आणि सरकारने ते चक्क ऐकलं. हेतू उत्तम, गतीही सरकारी मानाने विलक्षण. फक्त पत्ता चुकला. चौथीपर्यंतचं मूल ही जमात रविवारी सकाळी सहाला कुणी न उठवता उठते आणि घरातल्या मोठ्यांच्या पापण्या बोटांनी उघडून आत कुणी आहे का ते बघते. ज्याला उठवण्यासाठी आईच्या हाका, दोन गजर, पंखा बंद करणं, पांघरूण ओढणं आणि शेवटी वडिलांच्या नावाचा धाक एवढी सामग्री लागते, तो नववीतला प्राणी मात्र या निर्णयात कुठेच नाही. त्याची शाळा सातची होती, सातचीच राहिली. म्हणजे जे जागे होते त्यांना झोपायची मुभा मिळाली आणि जे झोपेत होते त्यांना कुणी विचारलंच नाही. माझं म्हणणं असं की ही चूक केवळ जांभयांपुरती नाही. या वयाच्या मुलांचा चिडकेपणा, रडवेलेपणा, घुमेपणा, ‘काही नाही’ हे प्रत्येक प्रश्नाला ठरलेलं उत्तर, असा जो ऐवज आपण ‘वयच तसं आहे’ या खात्यावर जमा करतो, त्यातला बराचसा थकलेल्या झोपेचा आहे.

वयाला दोष देणारे अगदीच चुकीचे नसतात, पण ते अर्ध्यातच थांबतात. वयात येताना मिसरूड फुटते, आवाज फुटतो, तसं मेंदूतलं घड्याळही मागे सरकतं. झोपेची वर्दी देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा तासा-दोन तासांनी उशिरा पाझरू लागतं. मेरी कार्सकेडन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांची उन्हाळी शिबिरं भरवली. आपल्याकडे उन्हाळी शिबिरात मातीची भांडी आणि वैदिक गणित शिकवतात. तिथे मुलांनी फक्त झोपायचं आणि बाईंनी मोजायचं. मोठं होताना झोपेची गरज कमी होत जाईल अशी सगळ्यांची अटकळ होती. ती खोटी ठरली. मुलं मोठी झाली तरी संधी मिळाली की नऊ तासांच्या आसपास झोपतच राहिली. पुढे १९९८ साली त्यांनी सकाळी ७ वाजून २० मिनिटांच्या शाळेत जाऊ लागलेल्या दहावीच्या मुलांना प्रयोगशाळेत आणलं आणि दिवसाउजेडी मधूनमधून आडवं केलं. त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना थेट स्वप्नांची झोप लागली. एरवी ही अवस्था झोपेत शिरल्यावर तास-दीड तासाने येते आणि अशी थेट यायला लागली तर डॉक्टरांच्या मनात निद्राविकाराची शंका येते. या मुलांना कसलाच आजार नव्हता, शाळा होती. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांनी २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयासाठी रोज आठ ते दहा तासांची झोप ठरवून दिली. आता आपल्याकडचा हिशेब मांडू. शाळा सातची, बस सव्वासहाची, म्हणून उठणं साडेपाचला. किमान आठ तास हवेत तर रात्री साडेनऊला डोळा लागायला हवा. साडेनऊला नववीतली मुलगी क्लासमधून येऊन नुकती जेवायला बसलेली असते, आणि तिच्या मेंदूच्या मते ती संध्याकाळ असते.

मुंबईकर मुलांच्या बाबतीत या अन्यायाला भूगोलाचीही साथ आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. १९०६ साली ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी मोठा गहजब केला होता, गिरणी कामगार खवळले होते, आणि नंतरही मुंबईच्या महापालिकेने आपली एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ थेट १९५५ पर्यंत धरून ठेवली. तेव्हाच्या पुढाऱ्यांना मेलॅटोनिन ठाऊक नव्हतं, पण सूर्य ठाऊक होता. आज घड्याळात सात वाजतात तेव्हा मुंबईच्या सूर्याच्या हिशेबाने सहा वाजून एकवीस मिनिटं झालेली असतात. जानेवारीत तर तिथे सूर्य उगवतो सव्वासाताच्या सुमारास, म्हणजे पहिला तास सुरू झाल्यावर. हजेरीत त्यालाच उशिराचा शेरा मिळायला हवा. पहाटे पाचला उठवून ‘ब्राह्ममुहूर्तावर केलेला अभ्यास लक्षात राहतो’ असं सांगणाऱ्या पालकांनी एकदा पंचांग उघडावं. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या शहाण्णव मिनिटं आधी लागतो. मुंबईच्या जानेवारीत तो पावणेसहाच्या जवळपास येतो. पाचचा गजर म्हणजे ब्रह्मदेवाचीही झोपमोड. त्यात मुलाचं आतलं घड्याळ जवळजवळ दोन तास मागे, म्हणजे सूर्याच्या मानाने तो राहतो एडनला आणि शाळेत जातो दादरला. पूर्वी विलायतेला जाणाऱ्या बोटी एडनला थांबत आणि मंडळी तिथून घरी पत्रं टाकत. हा रोज पहाटे तिथून येतो आणि बाकावर पोहोचल्यावर त्याच्याकडून अपेक्षा असते द्विघाती समीकरणाची. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारताच्या याच एका प्रमाणवेळेचा अभ्यास करून दाखवलं आहे की वार्षिक सरासरी सूर्यास्त तासभर उशिरा झाला तर मुलांची झोप अर्ध्या तासाने घटते आणि शिक्षण सरासरी ०.८ वर्षांनी कमी होतं. कारण सरळ आहे: सूर्य उशिरा मावळतो तशी मुलं उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा सगळीकडे एकाच घड्याळावर वाजते.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, थोडी पेंग येते एवढंच ना? वर्गात पेंगण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. समर्थांनी दासबोधात निद्रानिरूपणाचा एक अख्खा समास घातला आहे, तो काही श्रोते टक्क जागे होते म्हणून नव्हे. पण प्रश्न पेंगेचा नाही, मनाचा आहे. २००७ मध्ये यू आणि वॉकर यांच्या चमूने तरुण माणसांना एक रात्र जागवून त्यांना अप्रिय चित्रं दाखवली आणि मेंदूची छायाचित्रं घेतली. भीती-संताप यांची घंटा वाजवणारा अमिग्डला हा भाग झोपलेल्या माणसांच्या तुलनेत सुमारे साठ टक्के जास्त खवळला, आणि त्याला ‘अरे, जरा दमाने’ असं सांगणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्क ढिला पडला. हा प्रयोग प्रयोगशाळेत झाला, म्हणून त्याला शोधनिबंध म्हणतात. घरोघरी तो रोज पावणेसहाला होतो. ‘दूध पी’ या तीन अक्षरांच्या निरुपद्रवी वाक्यावर घरातली भांडी वाजतात, मोजा सापडत नाही म्हणून डोळ्यांत पाणी येतं, आणि संध्याकाळी मावशी फोनवर निदान करते की हल्ली फार उलट बोलायला लागलाय, एकदा दृष्ट काढून बघा. भावनांची रात्रीची आवराआवर करण्यात मोठा वाटा असलेली स्वप्नांची झोप ही रात्रीच्या शेवटच्या भागात, आपण जिला साखरझोप म्हणतो त्या वेळेत, सगळ्यात जास्त असते. गजर नेमका तिच्यावरच पडतो. साडेपाचला उठवलेल्या मुलाची झोप नुसती तोकडी होत नाही. तिचा मन सांभाळणारा भाग मोठ्या प्रमाणात कापला जातो.

चिकित्सक वाचक इथे हात वर करतील, आणि त्यांनी करावाच. झोप कमी म्हणून मन बिघडतं, की मन बिघडलंय म्हणून झोप लागत नाही? उदास माणसाला झोप लागत नाही हे कळायला विद्यापीठात जावं लागत नाही. आपल्या अर्ध्या भावगीतांचा तोच तर विषय. बाण दोन्ही दिशांना जातो हे मान्य. पण एक दिशा खरी आहे एवढ्याने दुसरी खोटी ठरत नाही, आणि ती दुसरी दिशा तपासायच्या युक्त्या संशोधकांनी शोधल्या आहेत. जेम्स गँगविश यांनी २०१० मध्ये पंधरा हजारांहून अधिक अमेरिकी विद्यार्थ्यांची माहिती घेतली आणि मूल कधी झोपतं हे न बघता, आईवडिलांनी झोपायची वेळ कोणती ठरवून दिली आहे हे पाहिलं. मुलाच्या उदासीमुळे झोप बिघडेल. पण आईवडिलांचा नियम बिघडण्याचं कारण त्या मानाने कमी. ज्या घरांत मध्यरात्र किंवा त्यानंतरची मुभा होती, तिथल्या मुलांत रात्री दहा किंवा त्याआधी झोपायला लावणाऱ्या घरांपेक्षा नैराश्याचं प्रमाण चोवीस टक्क्यांनी आणि आत्महत्येच्या विचारांचं वीस टक्क्यांनी जास्त निघालं. या दुसऱ्या आकड्यावर कोटी करता येत नाही, करूही नये. उलट बाजूने तपासायचं तर २०१७ साली ब्रिटनमधल्या सव्वीस विद्यापीठांत पावणेचार हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग बघावा: त्यांच्या निद्रानाशावर उपचार केले, तर केवळ झोपच नव्हे, संशयग्रस्तता आणि भास यांसारख्या तक्रारीही कमी झाल्या. ते विद्यार्थी शाळेचे नव्हते, हे खरं. पण कॉलेजात पाऊल ठेवल्याबरोबर मेंदू बदलून मिळत नाही. शाळकरी मुलांची प्रत्येक उदासी झोपेने बरी होईल असं मी म्हणत नाही. घरातली भांडणं, शाळेतली टवाळी, खरं आजारपण यांवर उशी हा उपाय नव्हे. एवढंच, की मुलाच्या स्वभावावर कौटुंबिक परिषद भरवण्याआधी त्याला पंधरा दिवस पुरेसं झोपू देऊन बघणं हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे आणि त्याचे दुष्परिणाम शून्य आहेत, शेजाऱ्यांच्या टोमण्यांखेरीज.

आता येतो तो आक्षेप, ज्याच्या आधी घसा खाकरून सरसावून बसण्याची प्रथा आहे: ‘आम्ही पहाटे चारला उठून कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, आम्हाला काय झालं?’ काय झालं ते विचारायला अनुभवी माणूस, म्हणजे त्यांची पत्नी, शेजारीच बसलेली असते. पण ते सोडा. पहाटे चारला उठणारी ती पिढी रात्री आठला जेवून नऊच्या आत आडवी होत होती, कारण कंदिलात रॉकेल होतं ते मोजकं. तिची पहाट मोजताना तिची संध्याकाळ मोजायला आपण विसरतो. परंपरेचं म्हणाल तर ती झोपेच्या बाजूचीच आहे. चरकाने शरीराला तोलून धरणारे जे तीन उपस्तंभ सांगितले त्यात आहाराच्या जोडीला निद्रा आहे, आणि सुख-दुःखापासून ज्ञान-अज्ञानापर्यंत सगळं निद्रेवर अवलंबून असल्याचंही तो बजावतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिझोपेबरोबर अतिजागरणालाही योगाच्या बाहेर काढलं आहे. पण घराघरांत त्यातला पहिलाच अर्धा पोहोचला. विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणारं सुभाषित तर शाळेच्या भिंतीभिंतीवर असतं. त्यात श्वाननिद्रा हवी असं म्हटलंय, म्हणजे चाहूल लागताच जाग यावी. ठीक. पण ज्या श्वानाचा दाखला दिलाय तो दिवसातला निम्मा वेळ झोपून काढतो, आणि त्याला कुणी सव्वासहाच्या बसला बसवत नाही.

दुसरा आक्षेप मोबाईलचा, आणि तो खरा आहे. रात्री साडेअकराला पांघरुणाच्या आतून निळसर उजेड येत असेल तर तिथे शंकराची पिंडी प्रकट झालेली नसते. उजेड मेलॅटोनिन लांबवतो आणि उजेडातला मजकूर झोप पळवतो. फोन रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला लावावा, आणि न्यायाने बघता आईवडिलांचाही. पण मोबाईलला सगळा दोष देण्यात एक कालगणनेची अडचण आहे. कार्सकेडनबाईंच्या शिबिरातल्या मुलांकडे फोन नव्हते. जर्मनीचे टिल रोनेनबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा जमवून दाखवलं की माणूस विशीच्या उंबरठ्यापर्यंत उशिरा-उशिरा सरकत जातो आणि तिथून पुन्हा लवकरकडे वळतो. ते वळण म्हणजेच पौगंडावस्थेचा शेवट मानावा, असं त्यांनी २००४ मध्ये सुचवलं. सुट्टीच्या आणि कामाच्या दिवसांतल्या झोपेच्या फरकाला त्यांनी ‘सोशल जेटलॅग’ असं नावही दिलं. आपल्याकडे तर आठवडाभर साडेदहाची आणि शनिवारी सकाळची, अशी शाळा चालवण्याची जुनी रीत आहे, म्हणजे विमानाचं तिकीट न काढता दर शनिवारी देशांतर. मोबाईल हा गुन्ह्यातला साथीदार आहे. मुख्य आरोपी वेळापत्रक आहे, पण ते भिंतीवर लावलेलं असतं आणि काढून घेता येत नाही, म्हणून आपण हातातली वस्तू काढून घेतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात हुशार वाटतो: शाळा तासभर पुढे नेलीत तर कार्टी तासभर उशिरा झोपतील, मग काय साधलं? याचं उत्तर तर्काने देता येत नाही, मोजूनच द्यावं लागतं. आणि ते मोजलं गेलं आहे. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. आधी आणि नंतर विद्यार्थ्यांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी यंत्रं बांधली होती, म्हणजे ‘मी दहालाच झोपतो’ या जबाबावर विसंबायची गरज नव्हती. झोपेची मध्यम वेळ सहा तास पन्नास मिनिटांवरून सात तास चोवीस मिनिटांवर गेली. मुलं झोपायला साधारण पूर्वीच्याच वेळी गेली. उठली मात्र उशिरा. मिळालेल्या पंचावन्न मिनिटांतली चौतीस मिनिटं त्यांनी झोपेत गुंतवली. पगारवाढीतला एवढा हिस्सा बचतीत टाकणारी प्रौढ माणसं मला तरी फारशी ठाऊक नाहीत.

आणि अभ्यास? दहावी, बारावी, त्यावर जेईई, नीट. झोपून कसं चालेल? एनसीईआरटीने देशभरातल्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात ८१ टक्के मुलांनी आपल्या काळजीचं कारण अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच सांगितलं. या काळजीवर आपला घरगुती उपाय असा की झोप कमी करायची, म्हणजे काळजी करायला जास्त वेळ मिळतो. वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं काम झोपेतच होतं, त्यामुळे रात्रभर जागून वाचणं म्हणजे रांजण भरताना तळाचं बूच काढून ठेवण्यासारखं आहे. जागरणाने माणूस किती पुढे जाऊ शकतो याचा प्रयोगही एका शाळकरी मुलानेच केला होता. रँडी गार्डनर, वय सतरा, गाव सॅन दिएगो. विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं म्हणून १९६३ सरताना तो जागा राहिला आणि २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, झोपला नाही. ज्वालामुखीची प्रतिकृती करून भागलं असतं. दिवस सरत गेले तसा तो चिडचिडा झाला, स्मरण डळमळलं, नसत्या शंका येऊ लागल्या. गिनीज बुकवाल्यांनी पुढे हा विक्रम नोंदवणंच धोकादायक म्हणून बंद केलं. तलवारी गिळण्याचे विक्रम नोंदवणाऱ्यांना जे भयंकर वाटलं, ते थोडंथोडं करून वर्षभर चालवायला आपल्याकडे ‘दहावीचं वर्ष’ म्हणतात.

उरला खरा अडथळा, आणि तो मेलॅटोनिनचा नसून डिझेलचा आहे. चौथीपर्यंतच्या निर्णयालाही बसवाल्यांनी हरकत घेतलीच होती: नऊ वाजताच्या रहदारीत फेऱ्या कशा बसवायच्या? ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेतही हेच होतं. कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२२ पासून माध्यमिक शाळांना साडेआठच्या आधी घंटा वाजवायला मनाई केली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला आणि बस व खर्चाच्या तक्रारींपुढे तो अमलात येण्याआधीच २०२५ मध्ये गुंडाळला. आपल्याकडे त्यात भर म्हणजे एकाच इमारतीत दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळा. सगळ्यांना नऊची वेळ द्यायची तर निम्म्या मुलांना गच्चीवर बसवावं लागेल. म्हणून मागणी सगळ्यांसाठी नऊची नाहीच. पाळ्यांच्या अदलाबदलीची आहे. सिअ‍ॅटलने तेच केलं, मोठ्यांना मागे नेताना बहुतेक प्राथमिक शाळा अलीकडे आणल्या. लहानांनाही भरपूर झोप लागते, मोठ्यांपेक्षा जास्तच. पण त्यांना रात्री आठला थोपटलं तर ती झोपतात. पंधरा वर्षांच्या मुलाला आठला थोपटून बघा. अर्थात लहानांना आठला झोपवायचं तर बाबा साडेनऊला घरी येतात आणि टीव्हीवरच्या मालिका संपता संपत नाहीत, ही अडचण शासन निर्णयाने सुटणारी नाही. तरीही ज्या शाळांत दोन पाळ्या आहेत तिथे पाचवीच्या पुढच्यांना दुसरी पाळी आणि धाकट्यांना आठ-साडेआठची पहिली, एवढं करायला ना नवी इमारत लागते, ना नवी बस; २०२४ च्या त्या निर्णयात एक दुरुस्ती लागेल. विरोध होईल तो दुपारच्या क्लासवाल्यांचा. धाकट्यांच्या बाजूने तक्रार यायची शक्यता कमी. ती सहापासून उठून बूट घालून बसलेली असतात.